कॉफीची सावली आणि जमिनीतली ओल

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेकडे, कावेरीच्या उगमाजवळच्या भागमंडल परिसरात तर हा आकडा कितीतरी वर जातो, आणि पूर्वेकडे कुशालनगरच्या बाजूला उतरताना तो झपाट्याने घटतो. एवढा पाऊस पडूनही फेब्रुवारी-मार्च उजाडला की तिथला कॉफी बागायतदार आभाळाकडे डोळे लावून बसतो. त्याला हवा असतो एखादा वळीव, इंच-दीड इंचाचा. तो वेळेवर आला तर झुडपांवर थांबलेल्या कळ्या फुगतात, आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर आली की फळ धरते. वळीव चुकला की वर्षाचे गणितच विस्कटते. पावसाळ्यात ज्या जमिनीला पाणी नकोसे होते, तिथेच चार-पाच महिन्यांत ओलीची अशी ओढ लागते. जूनपासून पडलेल्या पाण्यातले नेमके किती पाणी मार्चपर्यंत मुळांच्या आवाक्यात राहते, आणि कॉफीच्या डोक्यावर उभ्या असलेल्या सावलीच्या झाडांमुळे ते वाढते की घटते, हा म्हणूनच तिथल्या शेतीचा कळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे ऐकू येतात. झाडे आहेत म्हणून ओल टिकते, झाडे तोडली की जमीन कोरडी पडते, असे एक बाजू सांगते. दुसरी बाजू म्हणते की झाड शेवटी पाणी पिणारच, आणि एवढा मोठा वृक्ष डोक्यावर ठेवला तर तो कॉफीच्या तोंडचे पाणी पळवणारच. दोन्ही म्हणण्यांना मोजमापांचा आधार आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. सावलीचे झाड जमिनीच्या पाण्यात भर घालते की तूट आणते, हे त्या पाण्याचा पूर्ण जमाखर्च मांडल्याशिवाय ठरत नाही. आणि तो मांडला की निकाल कोरड्या दिवसांची लांबी, मातीची खोली, झाडाची जात आणि माणसाने त्याची केलेली छाटणी या चार गोष्टींवर येऊन थांबतो. त्यामुळे ‘सावली हवी की नको’ या वादात वेळ घालवण्यापेक्षा कोणती सावली, किती आणि कधी, याचा विचार व्हायला हवा. आपल्या देशातल्या कॉफीच्या भवितव्यासाठी आणि कॉफीच्या डोंगरातून निघणाऱ्या नद्यांसाठीही.

कॉफी मुळात जंगलातले झुडूप. अरेबिका जातीचे मूळ घर इथिओपियाच्या डोंगराळ अरण्यात, उंच झाडांच्या खालच्या मजल्यावर आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी फकिराने येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. पुढे इंग्रजी अमलात मोठे मळे उभे राहिले, तेव्हाही पश्चिम घाटातली कॉफी बहुतांशी सावलीतच वाढवली गेली. याचे एक कारण रोगकिडीचे आहे: अरेबिकाचे खोड पोखरणारी पांढरी खोडकीड उन्हात तापलेल्या खोडांवर अधिक माजते. सावलीची रचना दोन मजली असते. खालच्या मजल्यावर पांगाऱ्याच्या जातीची, झटपट वाढणारी आणि सहज छाटता येणारी झाडे. वरच्या मजल्यावर फणस, उंबर, पिंपरणी, शिसव, बेहडा, शिरीष असे मोठे वृक्ष. अलीकडच्या काही दशकांत त्यात ऑस्ट्रेलियातून आलेल्या सिल्व्हर ओकची भर पडली आहे. त्याच्या सरळ खोडावर मिरीचा वेल चढवता येतो, शिवाय लाकडाचेही पैसे होतात.

आता एक सर जवळून पाहू. उघड्या, तणविरहित उतारावर जोराचा पाऊस पडतो, तेव्हा थेंब मातीच्या ढेकळांवर आपटून त्यांचे बारीक कण सुटे करतात. हे कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात, पृष्ठभागावर पातळसा थर धरतो, आणि उरलेले पाणी जिरायच्या ऐवजी उताराने धावू लागते. सावलीच्या बागेत तीच सर आधी उंच झाडांच्या पानांवर, मग कॉफीच्या झुडपावर, मग पालापाचोळ्यावर उतरते. पहिल्या मजल्यावर काही पाणी पानांवरच अडकते आणि तिथूनच वाफ होऊन जाते. हा जमाखर्चातला पहिला तोटा. काही पाणी फांद्यांवरून खोडावर आणि खोडावरून बुंध्याशी येते. उरलेले टपटप खाली पडते. पानाच्या टोकावर साचून पडणारा थेंब पावसाच्या मूळ थेंबापेक्षा मोठा असू शकतो, आणि झाड उंच असेल तर जमिनीपर्यंत येताना त्याला पुरेसा वेगही मिळतो. म्हणून खाली झाडझूड केलेली उघडी माती असेल तर उंच झाडाची सावली धूप थांबवत नाही, उलट वाढवू शकते. म्हणजे मातीला पावसाच्या मारापासून वाचवण्याचे मुख्य काम झाडाच्या शेंड्याकडे नसून त्याने टाकलेल्या पाचोळ्याकडे आणि मधल्या कॉफीच्या झुडपाकडे असते. पाचोळा झाडून, जाळून जमीन स्वच्छ ठेवणारा बागायतदार सावली ठेवूनही तिचा निम्मा लाभ घालवतो.

पाचोळ्याखाली जे चालते ते यापेक्षाही महत्त्वाचे. कुजणाऱ्या पानांवर गांडुळे, वाळवी, बुरशी जगतात. त्यांच्या वावराने मातीचे बारीक कण चिकटून रवाळ गोळ्या तयार होतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. झाडांची जुनी मुळे कुजली की त्यांच्या जागी खोलवर जाणाऱ्या नळ्या उरतात. पाणी जलद खाली उतरते ते या वाटांनी. पश्चिम घाटात, उत्तर कन्नड भागात झालेल्या जलविज्ञानाच्या अभ्यासांनी नैसर्गिक जंगल, लावलेली झाडे आणि उजाड झालेली जमीन यांची तुलना केली आहे. उजाड जमिनीवर पावसाचे पाणी पृष्ठभागावरून अधिक वाहून गेले. जंगलाखाली ते अधिक जिरले आणि उशिरा, सावकाश बाहेर आले. या अभ्यासांच्या मागचा सिद्धान्त कॉफीलाही लागू पडतो: झाडे पाण्याचा खर्च वाढवतात हे खरे, पण त्यांच्यामुळे जमिनीत जिरणारे पाणी त्या खर्चापेक्षा जास्त असेल तर शेवटी शिल्लक वाढते. जिथे पावसाळा मुसळधार असतो आणि उतार तीव्र असतात, तिथे जिरण्याची बाजू भारी पडण्याची शक्यता मोठी. कोडगू, चिक्कमगळूर, हासन हे जिल्हे नेमके याच वर्गात मोडतात.

दुसरा लाभ उन्हाळ्यातला. उघड्या जमिनीवर ऊन पडले की वरच्या थरातले पाणी वाफ होऊन जाते, आणि त्या पाण्याचा कोणत्याही पिकाला काडीचा उपयोग होत नाही. सावलीखाली जमीन तापत नाही, वारा मंदावतो, हवेत दमटपणा राहतो, पाचोळ्याचे आच्छादन ओल झाकून ठेवते. मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या कॉफीबागांत ब्रेंडा लिन यांनी दाट, मध्यम आणि विरळ सावलीची तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार विरळ सावलीच्या तुलनेत अधिक सावलीखाली जमिनीतून उडून जाणारे पाणी सुमारे दोन पंचमांशांनी आणि कॉफीच्या पानांतून जाणारे पाणी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. यातला दुसरा भाग समजून घेण्यासारखा आहे. कॉफीचे पान कोरड्या, तापलेल्या हवेला फार हळवे असते. भर दुपारी हवा तहानली की ते आपली रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्न तयार करण्याचे कामही थांबते. सावलीत हवेची ही ओढ कमी राहते, म्हणून पान तितक्याच पाण्यात जास्त वेळ काम करू शकते. एवढ्यावर थांबलो तर सावलीच्या बाजूने निकाल लागल्यासारखा वाटेल. पण ही फक्त जमेची बाजू झाली.

खर्चाची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोस्टा रिकातल्या कमी उंचीवरच्या बागांत व्हान कांटेन आणि वास्ट या संशोधकांनी कॉफीच्या आणि सावलीच्या झाडांच्या खोडांतून वाहणारे पाणी मोजले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की कॉफी आणि सावलीचे झाड दोघांनी मिळून वापरलेले पाणी, उघड्यावरच्या एकट्या कॉफीपेक्षा, झाडाच्या जातीनुसार आणि ऋतूनुसार २० टक्क्यांपासून २५० टक्क्यांपर्यंत अधिक होते. निलगिरीच्या वर्गातले सदाहरित झाड आणि पांगाऱ्याच्या वर्गातले झाड यांची भूक सारखी नव्हती. त्याच देशात इंगा या शेंगवर्गीय झाडाखालच्या कॉफीचा पूर्ण पाणी-ताळेबंद पुढे मांडला गेला, तेव्हाही असाच निष्कर्ष आला: सावलीच्या बागेत उतारावरून वाहून जाणारे पाणी घटले, पानांवर अडकून उडालेले पाणी वाढले, झाडांनी प्यायलेले पाणी वाढले आणि मुळांच्या खाली निथळून जाणारे पाणी घटले. ‘झाडे लावली की भूजल वाढते’ असे सरसकट सांगणाऱ्याने हे आकडे टाळून चालणार नाही. मात्र त्याच कोस्टा रिकाच्या अभ्यासात पाण्यासाठी कॉफीची आणि झाडांची ओढाताण झाल्याचे आढळले नाही, कारण तिथे पाऊस भरपूर आणि कोरडा काळ तोकडा आहे. खर्च वाढला तरी खाते बुडाले नाही.

मग कोरडा काळ लांब असेल तर काय होते? याचे उत्तर निकाराग्वातल्या मासातेपेच्या बागांनी दिले. तिथे वर्षातले जवळपास सहा महिने पाऊस नसतो. संशोधकांनी उघडी कॉफी आणि दोन जातींच्या वृक्षांखालची कॉफी यांची तुलना केली. त्या दोघांपैकी एक पानगळी होता आणि दुसरा सदाहरित. सदाहरित झाड म्हणजे भारतात ‘लक्ष्मीतरू’ या नावाने लावला जाणारा सिमारुबा. मातीत खोल खड्डे घेऊन मुळे मोजली तेव्हा दिसले की कॉफीची मुळे वरच्या थरात दाट होती आणि वृक्षांची मुळे त्याहून खोल गेली होती. त्यामुळे वर्षाचा बराच काळ दोघे वेगवेगळ्या थरांतून आपापले पाणी घेत. उघड्या बागेत जे पाणी नुसतेच वाफ होऊन जात होते, ते सावलीच्या बागेत झाडांच्या वाढीला लागले. पण कोरडे दिवस नेहमीपेक्षा लांबले की हा समजूतदारपणा टिकत नव्हता. अशा काळात सावलीच्या बागेतली माती अधिक कोरडी पडत होती आणि कॉफीला त्याची झळ पोचत होती. म्हणजे खोल मुळांचा करार पावसाच्या भरवशावर उभा असतो. खालच्या थरात पाणीच नसेल तर झाड वरच्या थराकडे वळते, आणि तिथे आधीपासून कॉफी बसलेली असते.

सिल्व्हर ओकबद्दल केनियातल्या माचाकोस भागात झालेले काम हेच सांगते. तिथे तो मक्याच्या शेतात लावला गेला होता. त्याची मुळे खोल जातात हे खरे निघाले. पावसानंतर वरच्या ओल्या थरातले पाणी त्याच्या मुळांतून खालच्या कोरड्या थराकडे सरकते, हेही मोजून दिसले. पण त्याची मुळे वरच्या थरातही पसरलेली होती, आणि झाडे मोठी होत गेली तसे मक्याचे उत्पन्न घटत गेले. याहून कडक इशारा घानातून आला. २०१५-१६ च्या तीव्र दुष्काळात तिथल्या एका भागात शिरीषाच्या कुळातल्या मोठ्या झाडाखालचा कोको मोठ्या प्रमाणावर मेला आणि उघड्यावरचा कोको तुलनेने वाचला. झाड आणि कोको दोघे एकाच थरातून पाणी ओढत होते, असे त्या अभ्यासाने दाखवले. दोनच जातींच्या वृक्षांवरून आणि मोजक्या शेतांवरून सावलीवरच शिक्का मारणे चुकीचे, अशी हरकत इतर शास्त्रज्ञांनी लगेच घेतली आणि ती योग्यच आहे. तरीही त्या अभ्यासातला बोध पुसला जात नाही: चुकीच्या जागी चुकीचे झाड दुष्काळात सोबती राहत नाही.

आता हे सगळे पुरावे एकत्र ठेवले की ते एकमेकांना छेद देत नाहीत, एका रेषेवर येतात. अगदी उघड्या जमिनीवर पाणी वाहून आणि उडून जाते. अगदी दाट छायेखाली ते झाडेच पिऊन टाकतात. मधे कुठेतरी एक जागा असते जिथे जिरण्याचा लाभ मोठा आणि पिण्याचा खर्च बेताचा असतो. बुर्किना फासोमध्ये शिया वृक्षांच्या विरळ राखलेल्या शेतांवर झालेल्या अभ्यासाने २०१६ मध्ये भूजलाबाबत नेमके हेच दाखवून दिले: झाडे नसताना आणि झाडे दाट असताना भूजलाला मिळणारे पाणी कमी, मध्यम प्रमाणात झाडे असताना सर्वांत जास्त. तिथला प्रदेश कोडगूपेक्षा कितीतरी कोरडा आहे, म्हणून तिथली झाडांची संख्या जशीच्या तशी उचलता येणार नाही. विचाराची पद्धत उचलता येते. सुदैवाने कॉफीच्या उत्पन्नाचा कौलही मध्यम सावलीच्याच बाजूने आहे. चियापासमधल्या छोट्या शेतकऱ्यांच्या बागांत २३ ते ३८ टक्के सावलीत उत्पन्न चांगले आले, आणि सावली निम्म्याच्या वर गेल्यावर ते उतरले. म्हणजे पाण्याचे हित आणि पिकाचे हित इथे एकमेकांच्या विरुद्ध ओढत नाहीत.

मध्यम सावली आपोआप राहत नाही, ती राखावी लागते. पश्चिम घाटातल्या जुन्या बागायतदारांच्या वहिवाटीत याचे शहाणपण दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या मजल्यावरच्या पांगाऱ्याच्या फांद्या छाटल्या जातात. ढगाळ दिवसांत कॉफीला उजेड मिळतो, झुडपांत वारा खेळतो, आणि नत्राने भरलेला कोवळा पाला जमिनीवर पडून लवकर कुजतो. पावसाळा सरल्यावर त्याच झाडांना नवा फुटवा येऊ दिला जातो, म्हणजे कोरड्या दिवसांत सावली पुन्हा भरते. छाटलेल्या झाडाला पाने कमी, म्हणून त्याची पाण्याची भूकही कमी. माचाकोसच्या प्रयोगांतही छाटणीने सिल्व्हर ओकचा पाणीवापर आवरता आला होता. वेळापत्रक मात्र जागा पाहून ठरवावे लागते. पानगळी झाड उन्हाळ्यात पाणी पीत नाही, पण ऐन गरजेच्या वेळी सावलीही देत नाही. सदाहरित झाड सावली देते आणि तिची किंमत पाण्यात वसूल करते. म्हणून एकाच जातीवर भिस्त ठेवण्यापेक्षा दोघांचे मिश्रण अधिक सुरक्षित ठरते. ज्या बागेत माती खोल आहे तिथे झाडे थोडी जास्त चालतील. जिथे दोन-तीन फुटांवर मुरूम किंवा कातळ लागतो तिथे ती विरळ ठेवणेच शहाणपणाचे.

यावर पहिली हरकत येते ती सिंचनाची. तुषार सिंचन असताना सावलीची एवढी उठाठेव कशाला? कोडगूतले रोबस्टा जातीच्या कॉफीचे बागायतदार आज वळिवाची वाट न पाहता तळ्यातल्या पाण्याने फुलोरा आणतातच. ब्राझीलच्या सपाट माळांवर उघडी, यंत्राने तोडली जाणारी कॉफी भरघोस उत्पन्न देते, आणि तिथल्या परिस्थितीत ती पद्धत चालते हे मान्य केले पाहिजे. पण सिंचनाचे पाणी कुठूनतरी यावे लागते. व्हिएतनामच्या मध्य पठारावर डाक लाक प्रांतात उघडी रोबस्टा कॉफी विहिरी-बोअरच्या पाण्यावर वाढली आणि तो देश रोबस्टाचा सर्वांत मोठा उत्पादक झाला; २०१५-१६ च्या दुष्काळात मात्र तिथल्या विहिरी आटल्या आणि हजारो हेक्टर बागा वाळल्या. कोडगूतले तळे भरते तेही त्याच उतारावरच्या पाझराने. उतारावरची माती पाणी जिरवेनाशी झाली तर तळ्यात पावसाळ्यात गाळ येईल आणि मार्चमध्ये पाणी नसेल. सिंचन सावलीची जागा घेत नाही. सावलीने, पाचोळ्याने वाचवलेल्या पाण्यावरच ते टिकते. शिवाय सावलीत जमिनीतली वाफ कमी असल्याने तुषारांनी दिलेला इंचभर पाऊसही अधिक दिवस पुरतो.

दुसरी हरकत रोगाची. दमट सावलीत बुरशी वाढते, आणि मुसळधार पावसाच्या पट्ट्यात पाने-फळे काळी पडून कुजण्याचा रोग खरोखरच सावली दाट झाली की बळावतो. पण ही हरकत दाट, न छाटलेल्या सावलीवर आहे, आणि पावसाळ्याआधीची छाटणी हाच तिच्यावरचा उपाय आहे. तिसरी हरकत अधिक गंभीर: जमिनीत जास्त पाणी जिरले तर तीव्र उतार खचणार नाहीत का? ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत दरडी कोसळून माणसे, घरे, बागा गाडल्या गेल्या, तेव्हापासून हा प्रश्न टाळता येत नाही. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पण काही दिवसांत शेकडो मिलिमीटर पाऊस कोसळला तर झाडे उतार वाचवतीलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. रस्त्यांसाठी, घरांसाठी उताराचा पायथा कापला, नैसर्गिक ओहोळ बुजवले, तर वरच्या सावलीचा इलाज चालत नाही. अतिउतारावर नुसती सावली पुरेशी नाही, तिथे ओहोळांच्या वाटाही मोकळ्या राहिल्या पाहिजेत. ही सावलीची मर्यादा आहे. तिच्यामुळे सावली निरुपयोगी ठरत नाही.

यानंतर प्रश्न उरतो तो बागायतदाराच्या हातात नसलेल्या गोष्टींचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा दोष इथेच आहे. कोडगूतल्या अनेक जमिनींवर देशी वृक्षांच्या लाकडाचा हक्क मालकाकडे पूर्णपणे नाही. जमिनीच्या जुन्या प्रकारांनुसार तो सरकारकडे राहिलेला आहे. शिवाय १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे देशी झाड तोडायला परवानगी लागते, तर सिल्व्हर ओकला त्यातून सूट आहे. हेतू जंगल वाचवण्याचा असला तरी परिणाम उलटा झाला. जे झाड वाढवले तर आपले होत नाही ते कोण वाढवील? रोपटे उगवले की ते काढून टाकणे सोयीचे, आणि म्हातारा उंबर पडला की त्या जागी सिल्व्हर ओक लावणे हिशेबाचे. अशा रीतीने हळूहळू फणस-शिसव-उंबराच्या मिश्र सावलीची जागा एकाच परक्या झाडाच्या रांगा घेत आहेत. त्याचा पाला उशिरा कुजतो, त्याची मुळे वरच्या थरातही पसरतात, आणि त्याची सावली मिश्र वृक्षांसारखी ऋतूप्रमाणे बदलत नाही. बागायतदाराला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. तो नियमांनी दाखवलेल्या वाटेनेच चालला आहे. कॉफीच्या बागा कावेरीच्या वरच्या खोऱ्यात आहेत. त्या डोंगरांवरचा पाऊस उतरून हारंगी आणि कृष्णराजसागर धरणे भरतात, आणि त्या पाण्याच्या वाटपावरून दोन राज्ये वर्षानुवर्षे न्यायालयात भांडली. ज्या पाण्यासाठी एवढा झगडा झाला, ते पाणी डोंगरात जिरते की धावत सुटते हे ठरवणाऱ्या झाडांच्या मालकीकडे मात्र त्या मानाने फारच कमी लक्ष गेले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याच्या पठारावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर कॉफी घेतली जाते. तिथला पाऊस कोडगूपेक्षा बराच कमी आणि कोरडा काळ लांब, कारण नोव्हेंबर ते मे हा काळ जवळपास कोरडाच. म्हणजे तिथले उत्तर कोस्टा रिकापेक्षा मासातेपेच्या जवळचे असणार. पर्यटनाच्या निमित्ताने चिखलदऱ्यात कॉफी वाढवण्याचा विचार होईल तेव्हा कोडगूतल्या सावलीची नक्कल करून चालणार नाही. पठारावरच्या मातीची खोली आधी तपासावी लागेल, उन्हाळ्यात कमी पाणी पिणारी स्थानिक झाडे निवडावी लागतील, आणि पाचोळा बागेबाहेर न नेण्याची शिस्त पाळावी लागेल. हीच दृष्टी कोकणातल्या सुपारी-मिरीच्या वाड्यांना आणि गोव्यातल्या कुळागरांनाही उपयोगी पडेल, कारण तिथेही अनेक मजल्यांची झाडे एकाच पाझरावर जगतात.

चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूर इथे १९२५ पासून कॉफीचे संशोधन केंद्र आहे, कॉफी मंडळाची यंत्रणा गावोगाव पोचलेली आहे. एवढी तयारी असताना सावलीविषयीचा सल्ला झाडांची यादी आणि सावलीची टक्केवारी यांच्यापुढे जाऊन मातीच्या खोलीपर्यंत आणि कोरड्या दिवसांच्या लांबीपर्यंत पोचायला हवा. एका तालुक्यातही पूर्वेचा कोरडा उतार आणि पश्चिमेचा ओला उतार यांना एकच शिफारस देणे बरोबर नाही. आणि सरकारने एक साधे पाऊल उचलावे: मालकाने स्वतः लावलेल्या, नोंदवलेल्या देशी झाडावर त्याचा पूर्ण हक्क मान्य करावा, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांची सावली आज रुजेल. हवामान बदलत असताना पावसाचे दिवस कमी आणि सरी जोराच्या होत चालल्या, तर जिरलेले पाणी आणि मार्चपर्यंत टिकलेली ओल यांचे मोल वाढणारच आहे. झाड पाणी देते की पिते या जुन्या वादाला कंटाळून बाग उघडी करणे जितके चुकीचे, तितकेच कोणतेही झाड कुठेही लावून पाणी वाढेल अशी आशा धरणे चुकीचे. जागेनुसार निवडलेली, मिश्र, वेळेवर छाटलेली आणि पाचोळ्यासकट राखलेली सावली हीच कॉफीच्या डोंगरांसाठी पाणी सांभाळण्याची सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ व्यवस्था आहे. ती राखणाऱ्या शेतकऱ्याला साथ देणे हे कॉफी पिणाऱ्यांचे, आणि त्या डोंगरांतून उतरणाऱ्या नदीचे पाणी पिणाऱ्यांचेही कर्तव्य आहे.